पंधरा दिवस सांभाळून

डिझेलची बोट त्या मोसमात तिसऱ्यांदा चुकली, तेव्हा बाबांनी इंजिनाच्या शेडच्या दारावरच्या खडूच्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या. एक रेघ म्हणजे एक भरलेलं पिंप. पिंप संपलं की रेघेवर काट आणि बाजूला तारीख. काट न मारलेल्या रेघा चार होत्या. बाबा त्यांच्याकडे असे बघत होते, की नीट बघितलं तर पाचवी सापडेल.

"दुपारचे चार तास आहेत, त्याचे दोन करू," ते म्हणाले. "संध्याकाळचे चार राहू देत."

"दोन तासांत बर्फ धरत नाही," आत्या म्हणाली. बर्फाची शेड ती चालवते.

"माहीत आहे, ताई."

"मला सांगून काय उपयोग. बर्फाला सांग."

आमच्या बेटावर गाडी नाही. रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. सायकल एक आहे, पोस्टमनची, आणि तीही तो चढावर ढकलतच नेतो. तरी माझ्या बाबांना सगळे ड्रायव्हर म्हणतात, कारण ते इंजिन चालवतात. त्या एका इंजिनावर चौऱ्याऐंशी घरं, शाळा, दवाखाना आणि आत्याची शेड. मला सगळे भोंगा म्हणतात. मी धक्क्यावर बोलले की टेकडीवरच्या शेळ्या मान वर करतात, म्हणून. आधी मला रडू यायचं. यंदा दहावीत आल्यापासून मी ठरवलंय की आवाज ही माझी इस्टेट आहे.

बर्फ कमी पडला की आधी माशांचे डोळे जातात, मग कल्ले पांढरे पडतात, मग वास. आई बर्फाच्या शेडमध्ये मासळी भरते: एक थर बर्फ, एक थर मासळी. तिच्या बोटांची पेरं बारा महिने फुटलेली असतात. चौथ्या दिवशी तिने आणि आत्याने अकरा टोपल्या धक्क्याच्या टोकाला नेऊन पाण्यात उलट्या केल्या. मी दोन नेल्या. त्या भरलेल्या टोपल्या उचलताना नेहमी लागतं तेवढंच बळ लागलं, हे मला विचित्र वाटलं. घरी येऊन आईने लिंबाने हात घासले, चिरांमध्ये लिंबू झोंबलं तरी घासतच राहिली.

त्याच आठवड्यात चेअरमनकाका निरोप घेऊन आले. चेअरमन म्हणजे आमच्या मासळी सोसायटीचे, पण बेटाचं सगळं तेच बघतात. "उन्हावर आणि वाऱ्यावर वीज देणार आहेत आपल्याला," ते म्हणाले. "एक इंजिनिअर बाई येतायत. पंधरा दिवस राहून मोजणार. ड्रायव्हर, ऐकलंस का?"

"काय मोजणार?" बाबांनी विचारलं.

"कोण किती वीज खातं ते."

ते 'खातं' सगळ्यांना जरा लागलं. एवढा वेळ आपण काहीतरी वापरतोय असं वाटत होतं. आता ते हावरटासारखं वाटायला लागलं.

आणि बाबांच्या मनात गेल्या वर्षी इंजिन बघायला आलेला साहेब आला, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. तो साहेब इंजिनाच्या शेडच्या दारात उभा असतानाच तिकडे आत्याने बर्फाचं मशीन लावलं होतं. मशीन लावलं की इंजिन मान खाली घालतं. आवाज बसला, दिवे पिवळे पडले आणि धुराड्यातला काळा धूर फिरून साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर उतरला. "ड्रायव्हर, इंजिनाला दमा झालाय तुमच्या," साहेब म्हणाला. "घरात सगळ्यांना आहे का?" सगळे हसले. चेअरमनकाका सगळ्यांत मोठ्याने. बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी जेवताना एकदाच विचारलं, "मी तेल बदलत नाही का वेळेवर?" आई म्हणाली, "बदलता." तेव्हापासून ते इंजिनाची पितळी पट्टी रोज पुसतात. त्या पट्टीत बघून मी वेणी घालू शकते, इतकी चकचकीत.

"भोंगा," बाबा म्हणाले, "घरोघर जाऊन सांगून ये. पंधरा दिवस सांभाळून. इस्त्री नको, पाण्याचा पंप नको."

"टीव्ही एका आळीत एकानेच लावायचा," चेअरमनकाकांनी जोडलं. "आपलं बेट किती शिस्तीचं आहे ते दिसलं पाहिजे बाईंना."

मी निघाले. एवढा मोठा निरोप आजवर माझ्या हातात कोणी दिला नव्हता. पाहुणे येणार म्हटल्यावर लोक ओटा धुतात आणि पसारा खाटेखाली कोंबतात, तसंच झालं. कोणी विचारलंच नाही की का. एका घरातल्या आजींनी तर मी दारात असतानाच दिवा मालवला. मी म्हणाले, आजी, आजपासून नाही, परवापासून. त्या म्हणाल्या, सवय लावून घेते.

फक्त आत्या अडली. "मशीन पंधरा दिवस बंद? मासळीचं काय करू, गोष्टी सांगू तिला?"

"मिठात घाल, ताई," बाबा म्हणाले. "पंधराच दिवस. माझ्यासाठी."

आत्याने बाबांना अंगाखांद्यावर वाढवलंय. तिने नुसतं नाक ओढलं आणि मिठाची पोती मोजायला गेली.

इंजिनिअर बाई बुटक्या होत्या, नाक उन्हाने सोललेलं, आणि पाठीवर त्यांच्याहून मोठी पिशवी. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांना मीटरबाई म्हणायला लागले आणि त्यांनी ते नाव मुकाट्याने घेतलं. मुक्काम शाळेच्या खोलीत. पहिलीच गोष्ट त्यांनी विचारली ती ही: "मदतीला कोणी मिळेल का? जरा मोठ्याने बोलणारं. टेकडीवर वाऱ्यात काही ऐकू येत नाही."

धक्क्यावरच्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

ते पंधरा दिवस मी चालत नव्हते, उडत होते. शाळा सुटली की टेकडी. वारा मोजायचा खांब आम्ही चार तुकड्यांत वर नेला. माझ्या खांद्याची साल निघाली आणि मी ती वर्गात सगळ्यांना दाखवली. ऊन मोजायच्या काचेवर मीठ धरायचं, ते मी दिवसातून दोनदा पुसायचे. आणि शेडमध्ये बाबांच्या इंजिनाला लावलेल्या मीटरच्या डब्यावरचे आकडे दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचे.

"हे बघ," मीटरबाईंनी शिकवलं, "ऊन आणि वारा म्हणजे नळ. बॅटऱ्या म्हणजे टाकी. घरं म्हणजे बादल्या. नळ कधी येईल ते आपल्या हातात नाही. म्हणून बादल्या किती ते आधी नीट कळलं पाहिजे. मग टाकी किती मोठी, ते ठरतं."

"आणि वादळ आलं तर? तेव्हा तर वाऱ्याचा नळ धो-धो."

"फार वारा झाला की पवनचक्की मोडू नये म्हणून स्वतःच थांबते. तेव्हा फक्त टाकी."

मी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि विसरले.

तिसऱ्या दिवशी त्या बर्फाच्या शेडमध्ये आल्या. मशीनवर हात ठेवला. ते गार पडलेलं होतं, म्हणजे बंद. चालू असलं की ते गरम असतं. "हे केवढं आहे? रोज चालतं?"

आत्या मागे उभी होती, कोपरापर्यंत मिठाने पांढरी. आई खाली बसून मासे चिरत होती. तिच्या फुटलेल्या पेरांत मीठ गेलं होतं आणि ती बोटं तोंडाशी नेऊन फुंकत होती.

"जुनं आहे," बाबा म्हणाले. "कधीमधी लावतो."

"मग मासळी?"

"मिठात," आत्या म्हणाली. "जास्त करून."

मीटरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी तिथेच उभी होते. एरवी माझं तोंड उघडायला निमित्त लागत नाही. त्या दिवशी मला वाटलं, बाबा किती रुबाबात बोलले.

पंधराव्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर सगळे आकडे जोडले. संध्याकाळी रेघ चढायची, बावीस किलोवॅटला टेकायची आणि गुणी मुलीसारखी उतरायची. रोज तशीच. मीटरबाई म्हणाल्या, "इतकी शहाणी रेघ मी कुठेच बघितली नाही." मी तो कागद घरी सगळ्यांना दाखवला. बाबांनी हात धुऊन मग धरला. इंजिन पंधरा दिवसांत एकदाही खोकलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मीटरबाई आराखडा घेऊन परत आल्या. दोनच दिवसांसाठी. बाबांनी आत्याला पुन्हा सांगितलं, दोन दिवस, ताई. आत्या म्हणाली, तुझे दिवस फार झाले.

शाळेच्या फळ्यावर त्यांनी बेटाचा नकाशा टाचला. शाळेमागच्या उतारावर पॅनेलच्या ओळी, टेकडीवर दोन पवनचक्क्या, धक्क्याजवळ बॅटऱ्यांची खोली. दिवसाचे चोवीस तास वीज. लोक नकाशात आपापलं घर शोधत होते आणि बोट ठेवून ठेवून कागद मळवत होते. मोजलं त्याच्यावर चौथा हिस्सा वाढवून धरलाय, मीटरबाई म्हणाल्या, आणि ऊन-वारा दोन्ही नसले तरी दोन दिवस पुरेल एवढी टाकी. उद्या सकाळी सह्या झाल्या की कागद वर जातील.

"आणि इंजिन?" बाबांनी मागून विचारलं.

"एवढ्या कमी वापराला इंजिन ठेवायची गरजच नाही. पॅनेल घेऊन जी मालाची बार्ज येईल, तीच इंजिन घेऊन जाईल." मग त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही बॅटऱ्या सांभाळाल. शिकवू आम्ही."

बाबांनी मान हलवली. सगळे दुसरं बोलायला लागले तरी ती हलतच होती.

संध्याकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मी शेडवर त्यांचा चहा घेऊन गेले. डोक्यात बाईंची बादली-टाकी घोळत होती आणि समोर दार होतं. दारावर काट मारलेल्या रेघा, बाजूला तारखा. मी नुसतंच वाचायला लागले. तीन दिवसांनी काट. तीन दिवसांनी काट. पुन्हा तीन. मग मीटरबाईंचे पंधरा दिवस. तिथे सहा दिवसांनी एक, पुन्हा सहा दिवसांनी एक, आणि तिसरं पिंप अर्धं. मग परत तीन, तीन.

मी चहा खाली ठेवला. बाई बिचाऱ्या आमची भूक विचारायला आल्या होत्या आणि आम्ही सगळं बेट पोट आत ओढून उभे राहिलो होतो. आणि घरोघर जाऊन 'ओढा' असं ओरडून सांगणारी मी होते.

"बाबा, पिंप किती दिवस जातं?"

"तीन."

"आणि मीटरबाई होत्या तेव्हा?"

ते एक नट पुसत होते. तोच नट पुन्हा पुसला. "सहा."

"म्हणजे त्यांनी मोजलं ते अर्धंच."

"मला भागाकार येतो."

"त्यांची दोन दिवसांची टाकी आपल्याला सव्वा दिवस पुरेल. वादळात ऊन नाही, पवनचक्क्या थांबलेल्या, आणि बोटही आठ-आठ दिवस येत नाही. आणि तेव्हा इंजिनही नसेल. उद्या सह्या आहेत, बाबा."

"काय सांगू?" बाबांनी बोळा खाली टाकला. "ड्रायव्हरने इंजिन बरं दिसावं म्हणून अख्खं गाव मिठात घातलं, असं सांगू? आणि आता इंजिन जातंय म्हटल्यावर तोंड उघडलं, म्हणतील. खरंही वाटेल ते. मलाच वाटतंय."

आई दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. बर्फाच्या शेडवरून सरळ आली होती, हात ओले.

"अकरा टोपल्या टाकल्या आपण," ती म्हणाली. "दर वादळाला टाकायच्या असतील तर तसं सांगा. मी मोठ्या टोपल्या विणायला देते."

बाबांनी बोळा उचलला. इंजिन सुरू केलं, आणि मग कोणाचं कोणाला ऐकू येण्याचा प्रश्नच उरला नाही.

सकाळी दहाला शाळा भरली ती मोठ्या माणसांनी. शेडमधलं इंजिन त्या दिवशी दुपारऐवजी सकाळीच लावलं होतं, बाईंना पडद्यावर चित्रं दाखवायची होती म्हणून. डब्याचे आकडे उमटतात ते छोटं यंत्र टेबलावर होतं: अकरा, अकरा, बारा. वर दोन पंखे फिरत होते. चेअरमनकाकांनी पेनाचं टोपण काढलं आणि मी उभी राहिले. आवाज धक्क्यावरचाच लावला.

"आकडे चुकलेत," मी म्हणाले. "मी लिहिलेत ते. आपण पंधरा दिवस सगळं बंद ठेवलं होतं. बर्फाचं मशीनसुद्धा."

"ए भोंगा, खाली बस," चेअरमनकाका म्हणाले. "मोठ्यांचं चाललंय."

मी बसले नाही. "तीन दिवसांचं पिंप सहा दिवस गेलं. दारावर लिहिलंय."

खोलीत चुळबुळ झाली. मागून आमचा पोस्टमन म्हणाला, "ड्रायव्हरचं इंजिन निघालं, म्हणून लेकीला गणित सुचलं." काही जण हसले. मीटरबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे, मग बाबांकडे बघत होत्या. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता ते मला घरी जा म्हणतील.

"ताई," ते म्हणाले, "मशीन लाव."

आत्या चपला शोधत उठली. एक सापडली, दुसरी सापडेना, तशीच एका पायात घालून गेली. बाबा तिच्या मागे गेले नाहीत. इंजिनाजवळही गेले नाहीत. मधल्या वाटेने पुढे आले, टेबलाशी उभे राहिले आणि खिडकीकडे तोंड केलं. तिथून शेडचं धुराडं दिसतं.

आम्ही थांबलो. कोणीतरी खाकरलं.

मग इंजिनाचा आवाज बसला. पंखे मंदावले, इतके की पाती मोजता आली असती. पडद्यावरचं चित्र विझलं. खिडकीबाहेर धुराड्यातून काळा लोट निघाला, वाकला, आणि शाळेच्या आवारात उतरला. इंजिन खोकत होतं, सगळ्यांसमोर, आणि बाबा उभे राहून ऐकत होते, जसं कोणी आपल्या माणसाचं दुखणं डॉक्टरला दाखवावं.

टेबलावर अकराचे एकतीस झाले.

"हे रोज," बाबा म्हणाले. "कधीमधी नाही. मी खोटं बोललो."

मीटरबाईंनी पेन घेतलं, आणि चेअरमनकाकांसमोरचे कागद हळूच आपल्याकडे ओढले. "मग हे असं नाही चालणार. परत मोजावं लागेल. कागद या मोसमात वर जाणार नाहीत."

"म्हणजे वर्ष गेलं," चेअरमनकाका म्हणाले.

"गेलं."

"ड्रायव्हर," पोस्टमन म्हणाला, "गाडी चुकवलीस."

"हो," बाबा म्हणाले.

कोणी मोठ्याने भांडलं नाही, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं. लोक उठले आणि बाबांना वळसा घालून बाहेर गेले. ज्या आजींनी सवयीसाठी दिवा मालवला होता, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता मी चोवीस तास वीज बघायला राहते की नाही." रागाने नाही. सहज. बाबांनी खाली बघितलं.

मीटरबाई शेडमध्ये आल्या. धुरात उभ्या राहून इंजिन सगळीकडून बघितलं, पितळी पट्टीवरून बोट फिरवलं. "इंजिन उत्तम ठेवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "दुखणं त्याचं नाही. ओझं जास्त आहे त्याच्यावर." बाबांनी पट्टीवर उमटलेला बोटाचा ठसा पुसला. मग म्हणाले, "हे गेल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर."

परत मोजायला मीटरबाईंनी डबा इंजिनाला तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घरोघर गेले. या वेळी उडत नव्हते. "जे रोज लावता ते लावा," मी म्हणायचे. "इस्त्री, पंप, सगळं. लपवू नका." काही दारं मी बोलत असतानाच लागली. पोस्टमनची बायको म्हणाली, "बापाला विचारून आलीस ना? नाहीतर उद्या परत बंद करायला येशील." मी हो म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. घसा बसेपर्यंत चौऱ्याऐंशी घरं केली. माझा घसा बसतो हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी बाबांनी इंजिन सुरू केलं. मी वही घेऊन डब्यासमोर बसले. आधी कोणीच काही लावलं नाही, आकडा वीसच्या खालीच घुटमळत होता. बाबा दारात उभे राहून खालच्या आळीकडे बघत होते. मग कुठेतरी एक पंप लागला. मग टीव्ही, एक, दोन, कितीतरी, वेगवेगळ्या घरांत एकच बातम्या. आत्याने मशीन लावलं. इंजिनाने मान खाली घातली, शेड धुराने भरली, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबांचा चेहरा कपाळापासून काळा झाला. धक्क्यावरून जाता जाता दोघे खोटं खोटं खोकले, एकमेकांना ऐकू जाईल असं.

बाबांनी तिकडे बघितलं नाही. तळहात इंजिनाच्या अंगावर टेकवला, डोळे मिटले.

"किती दाखवतंय?"

"एक्केचाळीस," मी बसलेल्या आवाजात म्हणाले.

त्यांनी जरा वेळ ऐकलं.

"बेचाळीस असेल. नीट बघ."

मी डोळे पुसले आणि डब्याला नाक लावून बघितलं. बेचाळीस होतं. मी बेचाळीस लिहिलं.